तू आत का गेलास?

लोकांसमोर मी तुला 'अहो' म्हणायचे आणि भांडताना 'तू'. आता समोर लोक नाहीत आणि भांडण मिटलेलं नाही, म्हणून 'तू'च म्हणते.

काल चिंचणीला, तुझ्या गावी, तुझं दहावं झालं. तुझ्या भावाने, भास्करभाऊजींनी, किनाऱ्यावर सगळं नीट केलं. आज सकाळी ऑक्सिजनच्या मशीनवाला आला. मशीन पुसलं, नळीची गुंडाळी करून पिशवीत भरली. आपले तीन मजले चढून आल्यामुळे त्याला धाप लागली होती. मी पाणी दिलं. दोन घोट प्यायला आणि लगेच ठीक झाला. मी त्याच्याकडे बघतच राहिले. माणसाची धाप अशी दोन घोटांत जाते, हे मी विसरूनच गेले होते.

मशीन गेल्यापासून घरात आवाज नाही. इतकी वर्षं त्या घरघरीला मी शिव्या घातल्या. आता शिवायला बसावं म्हटलं तर माझ्या शिवणयंत्राचा आवाज मलाच मोठा वाटतो.

आपलं भांडण एकाच गोष्टीचं होतं, आणि ते सुरू झालं त्या दिवशी तू आतल्या खोलीत बसला होतास. कोविडच्या दुसऱ्या लाटेत प्राचीचं नाशिकचं हॉस्टेल बंद झालं आणि आपली एकुलती एक लेक ताप घेऊनच घरी आली. मी तिला आतल्या खोलीत ठेवलं, दार लावून घेतलं, ताट उंबऱ्यावर ठेवायचं ठरवलं. तिला बजावलं, काही लागलं तर मोबाइलवर सांग. तुलाही बजावलं. तू मान हलवलीस.

मग मी औषधाच्या दुकानासमोर रांगेत उभी राहिले. परत आले तर आतलं दार सताड उघडं. तू पलंगावर, तोंडाला नुसता पंचा गुंडाळलेला, प्राचीचं डोकं तुझ्या मांडीवर, आणि चमच्याने तिला पेज भरवतोयस. मी उंबऱ्याबाहेरच थांबले. हातातली पिशवी खाली ठेवायचं भानही राहिलं नाही.

"अरे, तू आत कशाला गेलास?"

"पेज थंड होत होती."

"थंड होऊ दे! तुला कळतंय का काही?"

तू माझ्याकडे न बघता चमचा भरलास. "मी बाप हाय तिचा. वॉचमन नाय."

प्राची बरी झाली. मला नुसता कणकणीसारखा ताप आला. तुला मात्र पालघरला दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथून तू परत आलास तेव्हा बिल्डिंगमधली माणसं गेटवर टाळ्या वाजवायला उभी होती आणि तू रिक्षातून उतरून पुढाऱ्यासारखा हात हलवलास. मला वाटलं, सुटलो.

तू कामावर गेलास. रंगाच्या कारखान्यात, रंग गाळायच्या फिल्टर प्रेसवर तू लग्नाच्या आधीपासून होतास. तुझे बनियन मी कितीही उकळले तरी बगलेत पिवळे ते पिवळेच राहायचे, घामसुद्धा रंगीत यायचा. पण दमायचा नाहीस. गॅसचा सिलिंडर खांद्यावर टाकून शिट्टी वाजवत जिना चढायचास. त्या पावसाळ्यानंतर तू दुसऱ्या मजल्यावर थांबायला लागलास. कुणी भेटलं की गप्पा मारायचं सोंग करायचास. कुणी नसलं की बुटाची नाडी बांधायचास. एकदा मी वरून वाकून बघितलं, तू चपला घातल्या होत्यास आणि नाडी बांधायला वाकला होतास.

मग खोकला. कोरडा, आतून खरवडल्यासारखा. कुणी म्हणालं अशक्तपणा, कुणी म्हणालं ॲलर्जी. टीबीची तपासणी केली, नव्हता. शेवटी पालघरच्या छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी तुझ्या पाठीला नळी लावली, डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. मग प्राचीला विचारलं, "ऐकायचंय?" प्राचीने ऐकलं. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "आई, तू शिवतेस त्या पर्सला ती वेल्क्रोची चिकटपट्टी लावतेस ना, ती ओढल्यावर जसा आवाज येतो, तसा येतो."

सीटी स्कॅन काढला. बाईंनी पडद्यावर दाखवलं. फुफ्फुसाच्या खालच्या बाजूला मधाच्या पोळ्यासारखी भोकं भोकं. "हे वण आहेत," त्या म्हणाल्या. "फुफ्फुस मऊ असतं, फुगतं. वण पडलेला भाग फुगत नाही. तो पुन्हा मऊ करण्याचं औषध नाही. वाढण्याचा वेग कमी करण्याची गोळी आहे."

मी विचारलं, "कोविडमुळे झालं का?"

त्यांनी खुर्ची पुढे घेतली. "असू शकतं. विषाणूचा मोठा आजार होऊन गेल्यावर काहींच्या फुफ्फुसात वण राहतात. बहुतेकांचे हळूहळू निवळतात. थोड्यांचे वाढत जातात. कुणाचे का वाढतात, ते आम्हाला अजून पूर्ण समजलेलं नाही. आणि असंही असेल की यांना हे आधीपासून हळूहळू होत होतं, आणि त्या आजाराने फक्त धक्का दिला. आधीचा सीटी असता तर बघता आलं असतं."

तू मध्येच बोललास. "म्याडम, आमी रंगाच्या कारखान्यात कामाला. पावडर उडते. त्याचाच असेल."

"तेही असू शकतं. नक्की नाही सांगता येणार."

"बघ," तू म्हणालास. "कारखान्याचाच हाय."

'बघ' तू कुणाला म्हणालास, याकडे मी त्या दिवशी लक्ष दिलं नाही. मी पडद्याकडे बघत होते.

तेव्हापासून आपण दोघं वकील झालो. तू कारखान्यावर बोट ठेवायचास, मी तापावर. मी म्हणायचे, त्याच प्रेसवर तुझ्या शेजारी उभा राहणारा यादव आहे ना ठणठणीत? तू म्हणायचास, या बिल्डिंगमधल्या सगळ्यांना कोविड झाला, ते नायत का ठणठणीत? दोन्ही खरं होतं. आणि दोन्ही खरं असल्यामुळे कुणी हरायचं नाही. कपडे वाळत घालताना, तुझी गोळी काढून देताना, कधीही सुरू व्हायचं. मी म्हणायचे, "त्या दिवशी तू आत का गेलास?" आणि तू ओठांवर बोट ठेवायचास, कारण प्राची घरात असायची. तेवढंच मी ऐकायचे. आवाज खाली करायचे, भांडण सोडायचे नाही.

यादव अधूनमधून फोन करायचा. "नरेशभाई, जल्दी आ जाओ, प्रेस आपके बिना गाली देता है." तू म्हणायचास, "आता हूँ, आता हूँ." नंतर नंतर तू फोन माझ्याकडे द्यायला लागलास.

मग मशीन आलं आणि घराला भिंती आल्या. म्हणजे भिंती आधीही होत्याच, पण त्या लागत नव्हत्या. नळी पलंगापासून बाल्कनीच्या दारापर्यंत पुरायची, स्वयंपाकघरापर्यंत नाही. मी पोळ्या लाटायला बसले की तू नळी ताणून भिंतीला लागून खुर्ची घ्यायचास आणि तिथून मला बघायचास.

"जेलात भेटायला आल्यासारखा वाटतंय," तू एकदा म्हणालास.

"कोण कुणाला भेटायला आलंय?"

तू विचार केलास. नळीकडे बघितलंस, मग माझ्या पोळपाटाकडे.

संध्याकाळी एमआयडीसीकडून वास यायला लागला की मी खिडक्या लावायचे. लावल्या की तुझा जीव घुसमटायचा. उघडल्या की खोकला सुरू. कोवळ्या उन्हात बाल्कनीत बसवावं, तर त्या गोळीने तुला ऊन सोसेना, मान आणि हात भाजल्यासारखे लाल व्हायचे. डॉक्टर म्हणाल्या, गोळी हवी तर ऊन टाळा. गोळीने अन्नाची वासना गेली. आयुष्यभर मासे खाल्लेला माणूस तू, कालवणाचा वास आला की तोंड फिरवायचास. गोळी बंद करावी तर वण वाढणार. चिंचणीला नेऊन ठेवावं, घर तळमजल्याचं, समोर समुद्राची हवा, तर तिथे वीज गेली की कधी येईल याचा नेम नाही. वीज इथेही जायचीच. इन्व्हर्टर थोडा वेळ ओढायचा, मग मी धावत ऑक्सिजनचा सिलिंडर लावायचे. "तारापूरच्या अणुभट्टीच्या बाजूला रहातो आन् वीज नाय," तू म्हणायचास. मला हसू यायचं. तू मात्र हसायचं टाळायचास, कारण हसलं की ढास लागायची. विनोद तू करायचास आणि तोंड मिटून बसायचास. त्याने मला आणखी रडायला यायचं.

मुंबईला फुफ्फुस बदलता येतं, असंही डॉक्टरांनी सांगितलं. नाव नोंदवायचं, वाट बघायची, तिथेच जवळ राहायचं. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "दुसऱ्या कुणाला तरी द्या. मला इथनं बाल्कनीपर्यंत जायचा वांदा हाय, मुंबई कुठं काढता?" मी वाद घातला. तू डोळे मिटून घेतलेस. श्वास पुरत नसलेल्या माणसाशी वाद घालणं कसं असतं ते तुला नाही कळणार. समोरचा गप्प बसला की आपण जिंकत नाही, आपल्यालाच गुदमरायला होतं.

माझ्या गिऱ्हाईक बायका तुझा खोकला ऐकला की दारातच थांबून मापं द्यायच्या. "टीबी नाही ना हो?" विचारायच्या.

"नाही. फुफ्फुसावर वण आहेत."

"कशाचे?"

आणि तिथे मी टेप पुढे करून माप घ्यायला लागायचे.

एका दुपारी मला ते सगळं असह्य झालं. भाजी आणते म्हणून निघाले आणि चालत चालत बोईसर स्टेशनपर्यंत गेले. डहाणूकडे जाणारी गाडी उभी होती. मी फलाटावर बाकावर बसले. गाडी सुटली. पुढची आली, तीही सुटली. मग उठून मेथीची जुडी घेतली आणि घरी आले.

"एवढा वेळ?" तू विचारलंस.

"मेथी चांगली नव्हती. शोधत फिरले."

तू जुडीकडे बघितलंस. पिवळी पडलेली, किडकी. पानं निवडायला घेतलीस. अर्धी जुडी निवडून झाल्यावर म्हणालास, "उद्या पण जा. आज बसलीस त्यापेक्षा थोडा जास्त बस." मी कुठे बसले होते ते मी तुला सांगितलं नव्हतं. त्यानंतर आठवड्यातून एखाद्या दुपारी तूच मला बाहेर काढायचास, खालच्या मजल्यावरच्या वहिनींना फोन करून वर बसवायचास. तुला दाराबाहेर पडता येत नव्हतं, पण मला दार उघडून द्यायचास. त्याबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही. आपल्यात असं काही म्हणायची पद्धत नव्हती.

गेल्या दिवाळीनंतर तू हट्ट धरलास, चिंचणीला जायचं. राहायला नाही, फक्त किनाऱ्यावर बसायला. मी नाही म्हटलं. प्राची हो म्हणाली. भास्करभाऊजी त्यांची गाडी घेऊन आले, बिल्डिंगमधल्या चौघांनी तुला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली उतरवलं. प्रत्येक वळणावर तू डोळे मिटायचास. मला वाटलं भीती वाटते. खाली आल्यावर म्हणालास, "लाज वाटत होती. वजन तरी काय राहिलाय, पण ह्यांना घाम आला."

ओहोटी होती. वाळूत खुर्ची मांडली, बाजूला छोटा सिलिंडर, डोक्यावर उन्हासाठी छत्री. तुला बघायला म्हणून गावातली माणसं आली. एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "नरेश, काय झालाय रे तुला? ह्या नाकात काय घातलाय?" तू म्हणालास, "काय नाय गो काकी. हवा विकत घेतो." त्या हसल्या, आणि तू त्या दिवशी हसलास. ढास लागली तरी हसलास.

मग तू सगळ्यांना पांगवलंस आणि प्राचीला जवळ बसवलंस. मी लांबून बघत होते. तू बोलत होतास, थांबत होतास, पुन्हा बोलत होतास. ती वाळूकडे बघून मान हलवत होती. परत येताना गाडीत मी विचारलं, काय चाललं होतं एवढं? तू म्हणालास, "बोंबील कसे वाळत घालतात ते सांगत होतो." प्राची खिडकीबाहेर बघत राहिली.

या हिवाळ्यात बिल्डिंगमध्ये सर्दी-तापाची साथ आली. सगळ्यांना झाली, सगळे शिंकले आणि उठून कामाला लागले. कुणाकडून तुझ्यापर्यंत आली, माहीत नाही. मी मास्क लावून वावरत होते, प्राची लावून वावरत होती. पहिल्या दिवशी तुझा घसा धरला. मग मशीन शेवटपर्यंत वाढवलं तरी तुझी नखं निळी ती निळीच.

पालघरला त्याच डॉक्टरीणबाई होत्या. "साधाच विषाणू आहे," त्या म्हणाल्या. "पण ज्या फुफ्फुसात आधीच वण आहेत, तिथे असा साधा ताप कधी कधी सगळं एकदम पेटवून देतो. का, ते आम्हीही अजून शोधतोय." व्हेंटिलेटर नको, हे तू आधीच सांगून ठेवलं होतंस. जोरात हवा सोडणारा तो मास्क तुझ्या तोंडावर आवळून बांधला. त्याच्या आवाजात तुला माझं बोलणं ऐकू जात नव्हतं, मला तुझं. एकदा तू हाताने मास्क वर केलास.

"प्राचीला सांग—"

मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा झरझर खाली यायला लागला. मी मास्क पुन्हा बसवला. तू माझ्या हाताला धरलंस, मास्क काढायला नव्हे, नुसतंच. ते वाक्य पुढे काय होतं ते मला माहीत नाही. मी अंदाज बांधायचं सोडून दिलं आहे. पुन्हा ती वेळ आली तर मी पुन्हा मास्कच बसवीन.

आज मशीन गेल्यावर प्राची तुझ्या पलंगावर येऊन बसली. जेवली नव्हती. मी ताट आणलं तर बाजूला सरकवलं.

"आई, पप्पांनी चिंचणीला माझ्याकडून शपथ घेतली."

"कसली?"

"माझ्यामुळे झालं असं कधी म्हणायचं नाही. म्हणाले, कारखान्याचाच हाय, डॉक्टर बोलल्या तुझ्यासमोर. पण डॉक्टर तसं बोलल्या नव्हत्या, आई. मी होते ना तिथे."

मी तिच्या शेजारी पलंगावर बसले.

"आणि मीच हाक मारली होती त्यांना. मोबाइल उशाशी होता. तू सांगितलं होतंस, हाक नाही मारायची. मला श्वास घेता येत नव्हता, मी घाबरले, मी 'पप्पा, पप्पा' करत राहिले. ते आले. आल्यावर म्हणाले, आईला नको सांगूस, ओरडेल."

तेव्हा मला कळलं, डॉक्टरांच्या खोलीत तू 'बघ' कुणाला म्हणाला होतास. कारखान्याचा वाद तू माझ्याशी घालतच नव्हतास. शेजारच्या खोलीतून कुणीतरी तो ऐकत असेल, म्हणून घालत होतास. आणि मी आवाज खाली करून तापाची बाजू लढवत बसले होते.

तुझं खोटं तू माझ्यासाठी तयार ठेवून गेला होतास. तेवढंच म्हणायचं होतं, हो गं, कारखान्याचंच. पण ती आता लहान नाही, आणि तिने तुझ्या पाठीला नळी लावून ते फुफ्फुस ऐकलेलं आहे. मी तिला खोटं सांगू शकले नाही, नरेश.

मी म्हटलं, "कशामुळे झालं ते कुणालाच माहीत नाही. डॉक्टरांना नाही, मला नाही, पप्पांनाही नव्हतं. तापाने झालं असेल. कारखान्याने झालं असेल. दोन्हींनी मिळून केलं असेल. ते आपल्याला कधी कळायचं नाही."

ती रडायला लागली. मी तिला रडू दिलं.

"पण ते आत का गेले, ते मला माहीत आहे," मी म्हटलं. "तू आल्यापासून ते तुझ्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसलेले असायचे. झोपायलासुद्धा तिथेच. तू हाक मारली नसतीस तरी गेले असते. मी रांगेत कधी जाते, याचीच वाट बघत होते."

तिने डोळे पुसून माझ्याकडे बघितलं. "खरंच?"

"मी पायात चपला घालत होते तेव्हाच ते पेज गरम करायला उठले होते."

ती हसली आणि पुन्हा रडली, आणि रडता रडता तिने ताट जवळ ओढलं. मी तिच्याजवळ बसून राहिले. ती थोडं जेवली.

एवढी वर्षं मी तुला एकच प्रश्न विचारत आले आणि तू पहिल्यांदा पेज थंड होत होती म्हणालास, नंतर नुसतं ओठांवर बोट ठेवत राहिलास. पण एक गोष्ट मीही तुला एकदासुद्धा सांगितली नाही. त्या दुपारी रांगेत तू उभा असतास आणि घरात मी असते, आणि तिने 'आई, आई' केलं असतं, तर मीही गेले असते.